आडा बाजाराची गाय

राजवाड्याजवळच्या आडा बाजारात आपण सगळेच कधी ना कधी खरेदीला गेलेलो असतो. बाहेरगावचे पाहुणे आले, की त्यांना राजवाडा दाखवता दाखवता या बाजाराची गोष्टही आपण सांगतो. नव्या पिढीतल्या ज्यांनी ती ऐकली नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात.

अहिल्याबाईंचे चिरंजीव मालेराव रथातून या रस्त्याने जात होते. रथाखाली एक वासरू सापडून मेले. रथ निघून गेला; गाय मात्र वासराजवळ बसून राहिली. थोड्या वेळाने अहिल्याबाई तिथून गेल्या. झाला प्रकार कळल्यावर त्यांनी सुनेला विचारले, "एखाद्या आईसमोर कोणी तिचे लेकरू चिरडले, तर त्याला काय शिक्षा द्यावी?" सून म्हणाली, "तशीच." मग मालेरावांना हातपाय बांधून त्याच रस्त्यावर टाकण्यात आले. रथ हाकायला कोणी धजेना, तेव्हा बाई स्वतः रथावर चढल्या. पण तीच गाय रथाला आडवी आली. हाकलली तरी पुन्हा पुन्हा येऊन उभी राहिली. दुसऱ्या आईवर तशी वेळ येऊ नये, अशीच तिची इच्छा आहे, असे लोक म्हणाले आणि मालेराव वाचले. गाय आडवी आली, म्हणून बाजाराचे नाव आडा बाजार.

काही जण मात्र शेवट निराळा सांगतात: बाईंनी शिक्षा पूर्ण केली आणि मुलगा गेला. हा शेवट 'न्यायाची कमाल' म्हणून भाषणांतही ऐकू येतो. इथे थोडे थांबायला हवे.

इतिहास काय सांगतो? खंडेराव होळकर 1754 साली कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून पडले. मल्हारराव 1766 मध्ये वारले आणि गादी नातवाकडे, म्हणजे मालेरावांकडे आली. वर्ष पुरे होण्याआधीच, 1767 मध्ये, ऐन विशीतले मालेराव आजारपणात गेले. त्यानंतर अहिल्याबाईंनी राज्याची सूत्रे हाती घेतली आणि महेश्वरहून कारभार केला. म्हणजे ज्या काळातली न्यायी राणी आपण गोष्टीत पाहतो, त्या काळात मालेराव हयातच नव्हते.

मुलाच्या मृत्यूत आईचा हात होता, ही कुजबूज जुनीच आहे. माळव्याची माहिती गोळा करणाऱ्या जॉन माल्कमने 1823 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिची दखल घेतली आणि बाई निर्दोष असल्याचे स्पष्ट लिहिले.

आणखी एक गंमत. हीच गोष्ट तमिळनाडूत तिरुवारूरला मनुनीती चोळ राजाबद्दल सांगतात. तिथे गाय राजवाड्याची घंटा ओढून न्याय मागते आणि राजा आपल्या मुलाला रथाखाली घालतो. बाराव्या शतकातल्या 'पेरियपुराणम्'मध्ये ही कथा आहे. श्रीलंकेच्या 'महावंस'मध्ये ती एळार राजाच्या नावावर आहे, आणि तो ग्रंथ तर त्याहून कितीतरी जुना. अशा कथा गावोगाव फिरतात आणि लोकांना जो राजा न्यायी वाटतो, त्याच्या नावाला चिकटतात. इंदूरकरांना ते नाव शोधावे लागले नाही.

पण दोन्हींत एक फरक आहे. तिरुवारूरला राजपुत्र मरतो आणि पुढे शंकराच्या कृपेने जिवंत होतो. आपल्याकडे देवाला यावे लागत नाही. गायच मध्ये पडते. न्याय एक आई करते आणि क्षमा दुसरी आई. माळव्याच्या मातीतली ही भर मला मूळ कथेपेक्षा मोलाची वाटते.

'आडा' म्हणजे आडवा. गाय आडवी आली म्हणून, की रस्ताच आडवा म्हणून. शब्दात दोन्ही अर्थ बसतात. तेव्हा मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी, पण लोककथा म्हणून, आणि गाईच्या शेवटासह. तेरा वर्षांत नवरा, सासरे आणि एकुलता एक मुलगा गमावलेल्या बाईला तिच्या मोठेपणासाठी पुत्रहत्येच्या दाखल्याची गरज नाही. एवढे दुःख पोटात घालून तिने पुढे जवळजवळ अठ्ठावीस वर्षे राज्य सांभाळले, हीच तिची खरी गोष्ट.