डेझीसाठी क्रेझी!

एप्रिलचं कोवळं ऊन, बागेत झिनियाचा बहर, आणि एक फुलपाखरू अलगद फुलावर लँड! माहीत आहे का, सोंड उलगडायच्या आधीच त्याला चव कळलेली असते? चव ओळखणारे सेन्सर चक्क त्याच्या पायांवर असतात. आधी पाय, मग पेय!

आता त्या झिनियाकडे बघा. एकच फूल दिसतंय ना? छे! डेझी कुळातलं 'फूल' म्हणजे अख्खी वसाहत. मधल्या पिवळ्या चकतीत इवली इवली फुलं खचाखच भरलेली, आणि कडेची एकेक 'पाकळी' हेसुद्धा स्वतंत्र फूलच. जवळ जाऊन, सावली न पाडता पाहा. फुलपाखरू जागा न सोडता पायांवर हळूहळू फिरतं आणि एका फुलातून दुसऱ्यात सोंड बुडवत राहतं. एकाच सीटवर अनलिमिटेड थाळी!

डेझी म्हणजे फॉरेनचं पाहुणं, असं वाटतंय? मग हे खानदान बघा: झेंडू, शेवंती, ॲस्टर, जर्बेरा, सूर्यफूल. आणि हो, आपली करडईसुद्धा! जगभरात या कुळाच्या ३० हजारांहून जास्त प्रजाती. करडईची भाजी ओरपणारे सगळे डेझीचे फॅन, फक्त त्यांना पत्ता नाही.

यातली माझी लाडकी मात्र एकदांडी. हिला कुणी लावत नाही, पाणी घालत नाही, नर्सरीत हिला कुंडीही मिळत नाही. मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. आता फुटपाथच्या फटीत, बांधावर, गच्चीच्या कोपऱ्यात, जिथे बघाल तिथे हजर. लांब, केसाळ देठ, त्यावर एकच पिवळं बटण, भोवती पाचेक फिक्या पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. गावाकडे खरचटलं की हिचाच पाला चोळून लावतात. बाकीच्या बागेने उन्हाळ्यात मान टाकली, तरी एकदांडी कधी दांडी मारत नाही! बारमाही फुलते, म्हणून छोट्या-मोठ्या फुलपाखरांची तिच्यावर सतत ये-जा. माळीदादांना खुरपं चालवताना हिला वगळायला जरूर सांगा.

आता एक रोमँटिक किस्सा. प्लेन टायगर हे केशरी फुलपाखरू ओळखता? त्याची अळी रुईची पानं खाते, त्यातलं विष अंगात साठवते आणि पक्ष्यांना नकोशी होते. मोठा झालेला नर पुढे डेझी कुळातल्याच ओसाडीकडे वळतो. का? तिच्यातली रसायनं शोषून तो मादीला भुलवणारा गंध तयार करतो. परफ्यूम होममेड!

गळक्या नळाखाली फुलपाखरांची गर्दी दिसली, तर ती नुसती तहान समजू नका. ओल्या मातीतले क्षार हवे असतात, मुख्यतः सोडियम. गर्दी करणारे बहुतेक नरच. काही जातींत हे मीठ मीलनाच्या वेळी मादीला मिळतं. खारा आहेर, पण मोलाचा!

राज्य फुलपाखरू जाहीर करणारं देशातलं पहिलं राज्य कोणतं, माहीत आहे का? महाराष्ट्र! २०१५ मध्ये हा मान मिळाला ब्लू मॉर्मनला, म्हणजे आपल्या राणी पाकोळीला. काळ्या मखमलीवर निळी झळाळी, आणि तिच्या अळ्या वाढतात लिंबाच्या कुळातल्या झाडांवर.

स्पेसमध्येही डेझी कुळ आणि फुलपाखरं ही जोडी गाजली. जानेवारी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर झिनिया फुलली. फुलपाखरं मात्र तिच्याही आधी पोचलेली! २००९ मध्ये तिथे नेलेल्या मोनार्क आणि पेंटेड लेडीच्या अळ्यांनी तिथेच कोष केले आणि तिथेच पंख उघडले.

पेंटेड लेडी भारतातही दिसते बरं का, आणि तिचा पृथ्वीवरचा पराक्रम तर भन्नाटच. ऑक्टोबर २०१३ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गियानाच्या किनाऱ्यावर काही पेंटेड लेडी सापडल्या. त्यांच्या अंगावर परागकण होते पश्चिम आफ्रिकेतल्या झाडांचे! म्हणजे वाऱ्याच्या साथीने ४,२०० किलोमीटरहून मोठा अटलांटिक, वाटेत कुठेही न थांबता, पार. वजन? एक ग्रॅमसुद्धा नाही! आणि या ग्लोबट्रॉटरची अळी आवडीने काय खाते, सांगा पाहू? काटेरी थिसलची पानं. थिसलचं कुळ कोणतं, ते आता तुम्हीच ओळखा!