बंद खिडकीमागची हवा

धारवाडात पावसाची भुरभुर लागली की खिडक्या दिवसदिवस बंद राहतात. केंद्राने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत हुबळी-धारवाड आहे, त्यामुळे इथे चर्चा होते ती रस्त्यावरच्या धुळीची. घरातला धूर मात्र आपण स्वतःच करतो.

सर्वांत वाईट डासांची कॉइल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते. अडीच मायक्रॉनहून बारीक असे हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी पोहोचतात. तान्ह्या बाळाच्या खोलीत कॉइल लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मच्छरदाणी जुनी वाटली तरी तिच्याइतका निर्धोक उपाय नाही.

उदबत्ती आणि फोडणीचा धूरही याच जातीचा. तेवढा वेळ खिडकी उघडावी, पंखा धूर बाहेर फेकणारा असावा. धुराशिवाय घरातली हवा बिघडवते ती भिंतीवरची काळी बुरशी; ती रंगाखाली दडपून जात नाही. आधी गळती बुजवावी लागते.

गॅस गीझरचा धोका तर तत्काळ जिवावर बेततो. कोंडलेल्या न्हाणीघरात प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तुमचा गीझर न्हाणीघरातच असेल, तर जाणकार कारागिराकडून तो मोकळ्या हवेत हलवून घ्या. तोवर वापरू नका.