न्यूरेंबर्गचा खटला: कॅमेरा आणि कुंचला

न्यूरेंबर्गच्या न्यायालयातला फोटो अनेकांनी पाहिलेला असतो. लाकडी पिंजऱ्यात दोन रांगांत बसलेले नाझी नेते, मागे पांढऱ्या हेल्मेटमधले सैनिक.

खटला २० नोव्हेंबर १९४५ ला सुरू झाला. छायाचित्रणासाठी दालनात इतका प्रखर प्रकाश होता की काही आरोपी काळे चष्मे लावून बसत. अमेरिकी सैन्याचे रे डॅडारिओ अधिकृत फोटो काढत होते. बर्लिनमध्ये राइशस्टागवर लाल झेंडा फडकतानाचा प्रसिद्ध फोटो टिपणारे सोव्हिएत छायाचित्रकार येव्गेनी खाल्देईही तिथे होते. त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आरोपी नाझी नेता गोअरिंग होता.

मग चित्रकार कशाला हवा?

याचं उत्तर लॉरा नाइट यांच्या चित्रात आहे. जानेवारी १९४६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या ब्रिटनच्या युद्धचित्रकार म्हणून न्यूरेंबर्गला आल्या. आरोपींच्या वरच्या बाजूला असलेल्या प्रसारण-कक्षात बसून त्यांनी रेखाटनं केली. चेहरे, कागदपत्रं, कानांवरचे हेडफोन, सगळं हुबेहूब.

पण पिंजऱ्यामागची भिंत त्यांनी रंगवलीच नाही. तिथे पेटलेलं, उद्ध्वस्त शहर आणि मृतदेह दिसतात. ज्या कृत्यांबद्दल खटला चालला होता, ती थेट आरोपींच्या पाठीमागे आणून ठेवली. फोटोला हे शक्य नव्हतं. युद्धखटल्यांच्या चित्रांत याइतकं धाडसी चित्र विरळाच.

मूळ चित्र लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. डॅडारिओंचा एखादा फोटो शेजारी ठेवून ते नक्की पाहा.