गिअरची आणि गिअरलेस दुचाकी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंजिन आणि मागचे चाक यांच्या फेऱ्यांचे प्रमाण गाडीच्या वेगानुसार बदलावे लागते. मोटरसायकलवर चालक हाताने क्लच दाबून, पायाने गिअर टाकून ते बदलतो. गिअरलेस गाडीत यंत्रणाच बदलते. वसई-विरारमध्ये एमएच-४८ क्रमांकाच्या दोन्ही प्रकारच्या गाड्या धावतात आणि दोन्हींबद्दल गैरसमज आहेत.

गैरसमज: गिअरलेस गाडीत गिअर नसतातच.
वस्तुस्थिती: बेल्ट दोन पुलींवर फिरतो. वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, पुलीचे दोन भाग जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. प्रमाण टप्प्याटप्प्याने नव्हे, सलग बदलते. मागच्या चाकाजवळ दातेरी चाकेही असतात, म्हणून सर्व्हिसिंगला गिअर ऑइल बदलतात.

गैरसमज: ऑटोमॅटिक म्हणजे स्कूटरच.
वस्तुस्थिती: होंडाने २०१० मध्ये दोन क्लच असलेली ऑटोमॅटिक मोटरसायकल बाजारात आणली. तिच्यात क्लचचा लिव्हर नाही, पण बटण दाबून गिअर बदलता येतो.

गैरसमज: गिअरलेस गाडी सोळाव्या वर्षी चालवता येते.
वस्तुस्थिती: १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ही सवलत ५० सीसीपर्यंतच्या दुचाकींपुरती आहे. ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटरसाठी १८ वर्षे पूर्ण हवीत. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विनागिअर लायसन्सवर गिअरची मोटरसायकल चालवता येत नाही.

गैरसमज: एक गाडी आली की दुसरी आपोआप जमते.
वस्तुस्थिती: स्कूटरचा डावा लिव्हर ब्रेकचा, मोटरसायकलचा क्लचचा. स्कूटरची सवय असलेल्याने मोटरसायकलवर घाईत डावा लिव्हर दाबला, तर गाडी थांबण्याऐवजी मोकळी पळते. मोटरसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाशी असतो.

गैरसमज: उतारावर दोन्ही गाड्या सारख्याच आवरतात.
वस्तुस्थिती: वसईहून ठाण्याला जाताना घोडबंदर रस्त्यावर घाट लागतो. तिथे मोटरसायकल खालच्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच वेग रोखते. स्कूटरचा वेग बराच कमी झाला की तिचा क्लच सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद करून उतरणे दोन्हींना धोक्याचे.

गैरसमज: साचलेल्या पाण्यातून स्कूटर बिनधास्त निघते.
वस्तुस्थिती: पावसाळ्यात नालासोपारा, वसईच्या सखल रस्त्यांवर पाणी तुंबते. ते बेल्टच्या कप्प्यात शिरले की बेल्ट घसरतो: अॅक्सिलरेटर पिळला तरी इंजिन नुसते ओरडते, गाडी हलत नाही. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच तेलात बंदिस्त असल्याने हा त्रास होत नाही. मात्र एअर फिल्टरमधून पाणी इंजिनात गेले तर दोन्ही बंद पडतात.

गैरसमज: बंद पडलेली कोणतीही गाडी धक्का मारून सुरू होते.
वस्तुस्थिती: बॅटरी कमजोर झालेली मोटरसायकल दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, ढकलून, क्लच सोडला की बहुधा सुरू होते. स्कूटरचा क्लच इंजिन फिरल्याशिवाय पकडत नाही. चाक फिरले तरी इंजिन फिरत नाही. तिला किक किंवा चांगली बॅटरीच लागते.