गाडीतील खडखडाट : शोध आणि उपाय

बैलगाडीच्या काळात जाणता गाडीवान केवळ चाकाचा आवाज ऐकून गाडीची प्रकृती ओळखीत असे. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले, की चाकावरची लोखंडी धाव सैल होऊन वाजू लागे. मग तो गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करी. आज शेतमाल बाजारात नेण्याचे काम बहुतेक ठिकाणी पिकअप व जीप यांजकडे आले आहे. परंतु कानाची ती सवय पुष्कळशी सुटली आहे. गाडी जुनी झाली म्हणजे वाजणारच, असे म्हणून खडखडाट सोसला जातो. या सोसण्यात धोका आहे. निरुपद्रवी आवाजांचा गोंगाट चालू असला, म्हणजे चाकाचा सैल झालेला नट वाजू लागला तरी तो वेगळा ऐकू येत नाही.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रमास आरंभ झाला, आणि विकासगटाची जीप खेडोपाडी दिसू लागली. त्या जीपचे छत कापडाचे. वाजणारे भाग मोजके व उघड्यावर होते. आजच्या गाडीत पत्र्यावर प्लॅस्टिकची आच्छादने असतात व आत काय सैल झाले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. कानावरच अधिक विसंबावे लागते, आणि कान फसतो. आवाज पत्र्यातून प्रवास करीत असल्याने मागच्या फाळक्याची साखळी डोक्यावरच्या छतात वाजल्यासारखी भासते.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो उतरवून परतणारी गाडी घ्यावी. जाताना भाराने पाटे दबलेले व क्रेट गच्च बसलेले असल्यामुळे ती जवळजवळ मुकी असते. परतताना रिकामे क्रेट, फाळक्याच्या साखळ्या, सीटखालचा जॅक व पाने, दाराच्या खणातील बाटली, सारे एकदम बोलू लागतात. म्हणून शोधाचा आरंभ गाडी संपूर्ण रिकामी करण्यापासून करावा. पुष्कळदा शोध येथेच संपतो. जॅक व पाने जुन्या पोत्यात गुंडाळून बांधले की झाले.

तरीही आवाज राहिल्यास दोघांनी मिळून गाडी तपासावी. एकाने चालवावे व लक्ष रस्त्यावरच ठेवावे. दुसऱ्याने ऐकावे आणि संशयित भाग हाताने दाबून पाहावा. दाबल्याबरोबर आवाज थांबला, तर जागा सापडली. रस्त्याचा तुकडा, वेग आणि वेळ दर खेपेस तीच ठेवावी. पहाटेच्या थंडीत प्लॅस्टिक आकसते व करकरते. तीच गाडी दुपारी गप्प असते. पहाटेची तक्रार दुपारी कारागिरास ऐकवता येत नाही, ती याचमुळे.

आवाज कोठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी ठरवावे. गाडी उभी असताना इंजिनची गती वाढवताच पातळ पत्रा झणझणला, तर सायलेन्सरवरचे उष्णतारोधक पत्रे किंवा त्याची रबरी टांगणी पाहावी. मात्र ते भाग थंड झाल्यावरच हात लावावा. केवळ खड्ड्यात धडधडल्यास पाट्यांचे बुश व यू-बोल्ट, तसेच शॉक अॅब्सॉर्बरची बैठक तपासावी. ब्रेक हलकेच दाबताच आवाज बंद पडत असेल, तर ब्रेकचे भाग सैल किंवा झिजलेले असण्याचा संभव असतो. चालत्या गाडीचे इंजिन बंद करून आवाज ऐकण्याचा प्रयोग कोणीही करू नये. त्याने ब्रेक जड होतात व स्टिअरिंगला कुलूप लागण्याचीही भीती असते.

दाराची काच अर्धी उतरवल्यावर वाजते आणि पूर्ण चढवल्यावर थांबते, तेव्हा खाचेतील अस्तर झिजलेले असते; ते बदलावे. दार स्वतःच वाजत असेल, तर कुलपाचा खटका ज्या पट्टीत अडकतो ती किंचित आत सरकवावी. दाराच्या वाळलेल्या रबराला इंजिन ऑइल वा डिझेल चोळण्याची चाल काही ठिकाणी आहे, ती वाईट. त्याने रबर फुगून खराब होते. सिलिकॉनचे वंगण वापरावे. बॉनेट आपटत असल्यास त्याखालचे रबरी गुटके फिरवून थोडे उंच करावेत.

दोन भाग एकमेकांवर घासत असतील, तर सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून मध्ये घालावी. खेड्यात याहून स्वस्त व उत्तम साधन मिळणे कठीण. सायलेन्सरजवळ मात्र रबर किंवा कापड मुळीच कोंबू नये, ते पेट घेऊ शकते. प्लॅस्टिकचे स्क्रूही बेताने आवळावेत. एक चूळ तुटली की नवा खडखडाट सुरू होतो.

गाडीखाली शिरावयाचे झाल्यास नुसत्या जॅकवर विसंबू नये. चाकांना दगडाची ओट लावावी व सांगाड्याखाली भक्कम आधार द्यावा.

आतील बारीकसारीक आवाज गेले, की उरलेला आवाज स्पष्ट होतो, व खरे काम तेथून सुरू होते. वेगाबरोबर ठेका धरून वाढणारी टकटक आणि तिच्या जोडीला स्टिअरिंगचा थरथराट जाणवला, तर गाडी लगेच कडेला थांबवून चाकाचे नट पाहावेत. स्टिअरिंग वळवताना खट्ट असा आवाज आल्यास त्याचे सांधे कारागिराकडून तपासून घेतल्याखेरीज माल भरू नये. बाजार एक दिवस चुकला तरी चालेल. चाक बदलल्यावर ते जमिनीला टेकवून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यानंतर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.