शिकवणारा विद्यार्थी

अकरावीतली एखादी मुलगी पाड्यावरच्या चौथीतल्या मुलाला वजाबाकी शिकवू शकेल का? तिने डी.एड. केलेले नाही, बालमानसशास्त्राचे पुस्तक उघडलेले नाही. तरीही या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आहे. मात्र काही अटींवर. या अटी कोणत्या, ते पाहू.

वाणगाव ज्या डहाणू तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. आदिवासी मुले शाळेत येत नव्हती, कारण कुणाला गुरे राखायची होती, तर कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते. मग शाळाच मुलांकडे गेली. पाड्यावर अंगणवाडी भरू लागली आणि गुरे चरायची तेथे कुरणशाळा. मूल जेथे आहे तेथून सुरुवात करायची, हे त्यामागचे तत्त्व होते.

हे तत्त्व केवळ जागेपुरते नाही, ज्ञानाच्या पायरीलाही ते लागू पडते. चौथीच्या वर्गात बसलेले मूल वाचनात पहिलीच्या पायरीवर असू शकते. शिक्षकाला पाठ्यक्रम पुरा करायचा असतो. त्यामुळे अशा मुलाच्या डोक्यावरून धडे जात राहतात आणि अंतर दरवर्षी वाढते.

२००१ ते २००३ या काळात 'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमाची मुंबई आणि वडोदरा येथे शास्त्रीय पद्धतीने पाहणी झाली. संशोधकांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. या दोघांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, माध्यमिक शाळा शिकलेली तरुणी. सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन ती मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना रोज दोन तास मूलभूत वाचन व गणित शिकवी. काही शाळांत एका इयत्तेला बालसखी दिली, काहींत दुसऱ्या इयत्तेला, आणि बालसखी मिळालेल्या व न मिळालेल्या वर्गांतील मुलांची तुलना केली. बालसखी मिळालेल्या वर्गांतील मुले पुढे गेली, आणि सर्वांत अधिक फायदा तळाच्या मुलांना झाला. मात्र उपक्रम संपल्यावर वर्षभरात हा फायदा बराच ओसरला. याचा अर्थ, काम अर्ध्यावर सोडले तर मिळवलेले टिकत नाही.

कमी शिकलेल्या व्यक्तीला हे कसे जमले? एक उदाहरण घेऊ. ४२ मधून १७ वजा करताना पुष्कळ मुले ३५ असे उत्तर लिहितात. हा निष्काळजीपणा नव्हे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन काढते आणि ५ लिहिते. चारातून एक काढून ३ लिहिते. त्याने स्वतःपुरता एक नियमच बनवलेला असतो. साठ मुलांच्या वर्गात वहीवर फक्त चुकीची फुली पडते. शेजारी बसलेली ताई मात्र विचारू शकते, "हे कसं केलंस, सांग बघू." मग खराट्याच्या काड्यांचे दहा-दहांचे चार जुडगे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवायच्या. सात काड्या हव्यात, तर एक जुडगा सोडावाच लागतो. आता सुट्या काड्या १२ झाल्या. त्यांतून सात काढल्या, पाच उरल्या. उरलेल्या तीन जुडग्यांतून एक काढला, दोन उरले. उत्तर २५. 'हातचा घेणे' म्हणजे काय, ते मुलाच्या हातालाच कळते. येथे पदवीपेक्षा वेळ, थोडी मुले आणि ऐकून घेण्याची तयारी अधिक उपयोगी पडते.

शिकवणाऱ्याचाही लाभ होतो. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी लहान मुलांना वाचन शिकवले. तेव्हा शिकवणाऱ्यांचे स्वतःचे वाचनही ठळकपणे सुधारले. दुसऱ्याला समजावताना आपल्याच ज्ञानातील भोके दिसतात, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला आहे.

आता दुसरी बाजू. २००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावोगावच्या तरुण स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालवले. जी मुले आली त्यांचे वाचन चांगले सुधारले. पण आली शंभरातील सुमारे आठच. नुसता वर्ग उघडून भागत नाही, मुलांपर्यंत जावे लागते. कोसबाडने हेच आधी दाखवले होते.

आपल्या शाळेत किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटात असे काम सुरू करायचे असेल, तर चार गोष्टी पाहाव्यात. एक, आधी प्रत्येक मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट वाचायला देऊन त्याची पायरी ठरवावी. इयत्तेवरून ठरवू नये. दोन, घरी वारली बोलणाऱ्या मुलाचा शब्द चुकीचा म्हणून खोडू नये. त्यालाच जोडून पाठ्यपुस्तकातला शब्द द्यावा. तीन, ठरलेला वार आणि वेळ पाळावी. फेब्रुवारीत स्वयंसेवकांच्या स्वतःच्या परीक्षा येतात, म्हणून प्रत्येक गटाला दोन जण नेमावेत. चार, शिक्षकाने आठवड्यातून एकदा स्वयंसेवकांबरोबर बसून मुलांच्या चुकांची वही पाहावी.

एका दिवसाचे वह्यावाटप करून परतणारे पाहुणे मुलांनी पुष्कळ पाहिलेले असतात. पुढच्या शनिवारी पुन्हा येणारी ताई त्यांना क्वचितच भेटते. वर्षभर येणे जमणार नसेल, तर तीनच महिने ठरवावेत, मुलांना तसे आधी सांगावे, आणि ते तीन महिने मात्र पुरे करावेत.