दगडी कोळशाचा जमाखर्च

घरांत दिवा लागतो, पंखा फिरतो, आणि महिनाअखेर बिल आलें म्हणजे यजमान कपाळाला आठ्या घालून तें खुंटीस अडकवितात. विजेशीं आपला संबंध बहुधा एवढाच. ती येते कोठून, असें एखाद्या शाळकरी मुलानें विचारलें कीं वडील मंडळी “कोयनेहून” म्हणून मोकळीं होतात. हें उत्तर अगदींच खोटें नाहीं. परंतु हिंदुस्थानांत उत्पन्न होणाऱ्या विजेचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग आजही दगडी कोळसा जाळूनच मिळतो, आणि महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर त्या कोळशाचा मोठा वांटा विदर्भांतील खाणींतून येतो. तेव्हां या धंद्याची प्रकृति कशी आहे व तो किती काळ तग धरील, याची चौकशी घरांतील समजत्या माणसांनीं करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

संस्कृतांत ‘अंगार’ हा शब्द पेटलेल्या निखाऱ्यालाही लावतात आणि थंड कोळशालाही. शब्दकोश चाळतांना आम्हांस याचें पूर्वीं नवल वाटे. या धंद्याकडे पाहिल्यापासून तें वाटेनासें झालें आहे.

वर्धा नदीच्या खोऱ्यांतील हा कोळसा पंचवीस कोटि वर्षांहून जुना. इंग्रजी अमदानींत, १८७० नंतर लवकरच, सरकारनें वरोऱ्यास खाण काढली आणि तिच्यासाठीं आगगाडीचा फांटा नेला. ती खाण १९०६ सालीं बंद पडली व धंदा बल्लारपुराकडे सरकला. पुढें १९७२ व १९७३ या दोन सालीं देशांतील खाणींचें राष्ट्रीयीकरण झालें, १९७५ सालीं कोल इंडिया ही सरकारी कंपनी निघाली, आणि विदर्भांतल्या खाणी तिच्या नागपुरांतील ‘वेस्टर्न कोलफील्ड्स’ या शाखेकडे आल्या. स्थापनेच्या वर्षीं कोल इंडियाचें उत्पादन ७ कोटि ९० लक्ष टन होतें. २०२४-२५ सालीं तें ७८ कोटि टनांवर गेलें. त्याच वर्षीं देशाचें एकंदर उत्पादन प्रथमच १०० कोटि टनांपलीकडे पोहोंचलें.

इतका माल खपत असतां चिंता कसली, असें वाचक विचारतील. चिंता विक्रींत नाहीं, जमाखर्चांत आहे.

पूर्वीं कोळसा मुख्यतः जमिनीखालीं बोगदे खणून काढीत. आतां कोल इंडियाचा पंचाण्णव टक्क्यांहून अधिक कोळसा उघड्या खाणींतून येतो. म्हणजे वरची माती व खडक सुरुंग लावून उडवावयाचे, डंपरनें दूर नेऊन टाकावयाचे, आणि उघडा पडलेला कोळशाचा थर उचलावयाचा. हे थर जमिनींत आडवे पसरलेले नसतात, उतरत गेलेले असतात. कोणताही खाणवाला प्रथम वरवरचा, स्वस्त कोळसा काढतो. त्यामुळें खाण जसजशी जुनी होते तसतशी तेवढ्याच एका टनासाठीं अधिक माती हलवावी लागते. विदर्भांत एक टन कोळशामागें चार घनमीटर, कित्येकदां त्याहूनही अधिक माती उपसतात. ही माती विकली जात नाहीं, पण तिला लागणारें डिझेल फुकट मिळत नाहीं. वेस्टर्न कोलफील्ड्सनें २०२३-२४ सालीं सुमारें ६ कोटि ९० लक्ष टन कोळसा काढला. त्यासाठीं मातीचे केवढे डोंगर हलले असतील याचा हिशेब मुलांकडून करून घेण्यास हरकत नाहीं, शाळेंतल्या उदाहरणांपेक्षां तो जास्त लक्षांत राहील.

खर्च असा वाढता. भाव मात्र हात बांधलेला. १ जानेवारी २००० पासून कोळशाचा भाव ठरविण्याची मोकळीक कायद्यानें कंपनीस मिळाली. व्यवहारांत कोळसा महागला कीं वीज महागते, आणि वीज महागली कीं लोक ओरडतात, म्हणून सरकारी कंपनीस भाव वाढवितांना दहादां विचार करावा लागतो. २०१८ नंतर वरच्या प्रतींच्या कोळशाचा भाव वाढला तो एकदम २०२३ च्या मे महिन्याअखेर, आणि तोही ८ टक्के. त्याच वर्षीं कामगारांच्या पगाराच्या करारानें किमान १९ टक्के वाढ दिली. आम्ही कामगारांच्या पगाराविरुद्ध नाहीं. धुळींत आणि उन्हांत राबणाऱ्यास तो मिळालाच पाहिजे. परंतु दोन आंकडे शेजारीं मांडले म्हणजे खजिनदाराची झोंप कां उडते तें समजतें.

करांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. २०१० सालीं टनामागें ५० रुपयांचा उपकर बसला, तो वाढत वाढत २०१६ पर्यंत ४०० रुपये झाला. माल चांगला असो वा वाईट, उपकर एकच. त्यामुळें हलक्या कोळशावर तो अधिक जड पडे. सप्टेंबर २०२५ मध्यें तो गेला आणि वस्तु व सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला. निदान आतां कर मालाच्या किंमतीबरोबर चढतो उतरतो.

मालाच्या प्रतीविषयीं मात्र थोडें सविस्तर लिहिलें पाहिजे. आपल्याकडील वीजकेंद्रांत जळणाऱ्या कोळशांत शेंकडा ३० ते ४५ राख असते. म्हणजे शंभर वाघिणींची गाडी दूरच्या वीजकेंद्राकडे निघाली तर तिच्यांतील तीसचाळीस वाघिणी निव्वळ राखेच्या, आणि भाडें पूर्ण शंभरांचें. रेल्वे मालाच्या भाड्यांतून मिळविलेला नफा प्रवाशांच्या तोट्यांत घालते. तेव्हां आपण पंढरपुरास स्वस्तांत जाऊन येतों त्यांतही कोळशाचे चार पैसे आहेत. चंद्रपूरचें २९२० मेगावॅटचें केंद्र खाणींच्या अंगणांतच असल्यामुळें त्यास भाड्याचा हा भार थोडा; पण धूर व राख मात्र त्या एका शहराच्या वांट्यास येते, आणि वीज पुण्यामुंबईस जाते. हा व्यवहार न्यायाचा आहे असें आम्हांस कधींच वाटलें नाहीं.

यांत आणखी उधारी आहेच. ग्राहकानें बिल थकविलें कीं वांटप करणारी कंपनी वीज उत्पन्न करणारीचें थकविते, आणि ती कोळसेवालीचें. खुंटीवर अडकविलेल्या त्या कागदाचें दुसरें टोक असें खाणीपर्यंत पोहोंचतें.

आतां सूर्य पुढें सरसावला आहे. डिसेंबर २०२० मध्यें गुजरातेंतील एका लिलावांत सौर विजेसाठीं युनिटमागें १ रुपया ९९ पैसे इतकी खालची बोली आली. दुपारीं ही वीज येऊं लागली कीं कोळशाच्या केंद्रांना आंच कमी करण्याचा हुकूम होतो, आणि दिवेलागणीस तीच केंद्रें पुन्हा पूर्ण जोरानें चालावीं लागतात. चूल सारखी मंद-तेज करीत स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीस हा त्रास सांगावयास नको. वीज साठविण्याची सोय स्वस्त होईपर्यंत रात्रीचा भार कोळशावरच राहणार. ऑक्टोबर २०२१ मध्यें वीजकेंद्रांतील साठे आटले तेव्हां सर्वांची कशी तारांबळ उडाली तें अनेकांस आठवत असेल. म्हणून सरकार एकीकडे म्हणतें, उत्पादन वाढवा. दुसरीकडे २०७० पर्यंत कर्ब-उत्सर्ग निव्वळ शून्यावर आणण्याचें अभिवचन त्यानें जगास २०२१ सालीं दिलें आहे. खाण उघडावयास कित्येक वर्षें लागतात आणि घातलेलें भांडवल वसूल व्हावयास पंचवीस-तीस. इतक्या दूरवर गिऱ्हाईक उभें असेल किंवा नाहीं हें ठाऊक नसतां पैसा ओतावयाचा, ही या धंद्याची खरी अडचण आहे. अमेरिकेंतील पीबॉडी या फार मोठ्या कोळसा कंपनीनें एप्रिल २०१६ मध्यें दिवाळें जाहीर केलें होतें, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

खाण बंद झाली म्हणजे खर्च संपतो असें नाहीं. जर्मनीनें आपली शेवटची खोल दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्यें बॉट्रोप येथें बंद केली. पण रूर प्रांतांत दीडशें वर्षांच्या खोदाईनें जमीन खचली असल्यामुळें तेथें पाण्याचे पंप कायमचे चालू ठेवावे लागतात. त्या खर्चासाठीं त्यांनीं २००७ सालीं, म्हणजे खाण बंद होण्यापूर्वी अकरा वर्षें, एक स्वतंत्र निधिसंस्था स्थापन केली. आपल्याकडे २००९ सालच्या नियमांनीं उघड्या खाणीसाठीं हेक्टरी ६ लक्ष रुपयांप्रमाणें रक्कम राखून ठेवावी असें ठरविलें. नियम चांगला आहे. तथापि तो मुख्यतः खड्ड्यांचा विचार करतो, खड्ड्याकांठच्या माणसांचा फारसा नाहीं. वेस्टर्न कोलफील्ड्सनें उपसलेल्या मातींतून वाळू वेगळी काढून ती घरबांधणीस दिली, खाणींतलें पाणी शुद्ध करून विकावयास काढलें, सावनेरजवळ लोकांस खाण दाखविण्याची सोय केली. हे उद्योग आम्हांस मनापासून आवडतात. मात्र घुग्घुस, माजरी, राजुरा, वणी या भागांतील घरें त्यांवर चालतील असें कोणी म्हणूं नये.

वरोऱ्याची खाण १९०६ सालीं बंद पडली तरी गांव मोडलें नाहीं. तें कापसाच्या बाजारावर तगलें, कारण खाण जमिनीखालीं होती आणि वरचीं शेतें जागच्या जागीं होतीं. आजच्या उघड्या खाणींत तें शेतच पहिल्या दिवशीं जातें. त्याच्या मोबदल्यांत घरटीं एक नोकरी मिळावी, असा शेतकऱ्यांचा आग्रह असतो. आणि यंत्रांमुळें माणसें लागतात कमी. कोल इंडियाच्या पटावर एके काळीं सहा लक्षांहून अधिक माणसें होतीं, आतां सव्वादोन लक्षांच्या आसपास उरलीं आहेत. नव्या कामांत पुष्कळसे कंत्राटदाराचे नोकर. खनिजाच्या स्वामित्वधनाच्या प्रमाणांत जिल्ह्यासाठीं निधि ठेवण्याची व्यवस्था २०१५ पासून आहे. तो पैसा सभामंडपांवर व कमानींवर न घालवितां, पुढील पिढीस दुसरें कसब शिकविण्यावर आणि माती टाकलेली जमीन पुन्हा पिकती करण्यावर घालावा, आणि तेंही खाण चालू आहे तोंवर. मागाहून देणारा कोणी राहणार नाहीं.

आमचा एक जुना विद्यार्थी घुग्घुसकडे असतो. वडिलार्जित शेत खाणींत गेलें, त्यावर त्यास नोकरी लागली, ती करून तो निवृत्त झाला. मुलगा कंत्राटदाराचा डंपर चालवितो. गेल्या उन्हाळ्यांत तो भेटावयास आला तेव्हां नातवास कोणतें शिक्षण द्यावें असें विचारीत होता. आम्हीं त्यास तारतंत्रीचें काम सुचविलें. तें त्यास पटलेलें दिसलें, पण फारसें नाहीं. मग जातां जातां त्यानें सांगितलें कीं, खाणीच्या हद्दीबाहेर अजून अडीच एकर राहिली आहे आणि गिऱ्हाईक चांगला भाव देत आहे. ती विकूं नकोस, एवढें मात्र आम्हीं त्यास निक्षून सांगितलें.